बायपासनंतर दारू सोडतेय, २० तास झाले, हात थांबत नाहीयेत

अर्धाकप
रविवार, संध्याकाळी ६:१०

नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. टायपिंगच्या चुका समजून घ्या, बोटं खरंच जागेवर राहत नाहीयेत.

वय ४१. गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करायची पोटाची सर्जरी) होऊन २ वर्ष ४ महिने झाले. ११८ किलोवरून ७१ वर आले, शुगर गेली, बीपीची गोळी सुटली, गुडघे दुखायचे थांबले, सगळ्यांनी कौतुक केलं वगैरे वगैरे. सर्जरीआधी मी वर्षातून चारपाच वेळा घ्यायचे, ती पण कुणी फारच आग्रह केला तर. आता रोज. नक्की कधी सुरू झालं सांगता येणार नाही, दीडएक वर्ष झालं असेल, रात्री सगळे झोपले की एक पेग, इतकी मस्त झोप लागायची आणि दोन मिनिटात चढायची, मला वाटायचं बरंय की, थोडक्यात भागतंय. मग दोन झाले. मग तीन. बाटली प्रोटीन पावडरच्या मोठ्या डब्यात असते कारण त्या डब्याला घरात माझ्याशिवाय कुणीच हात लावत नाही. नवऱ्याला वाटतं मी सोडलीय, मीच तसं सांगितलं होतं त्याला, सहा महिन्यांपूर्वी.

काल रात्री १० ला शेवटची घेतली आणि उरलेली बेसिनमध्ये ओतून टाकली. आज सकाळपासून हात कापतायत, घामाने दोनदा कपडे बदलले, छातीत धडधड, मळमळ तर काय विचारूच नका. पाण्याचा कप दोन्ही हातांनी धरला तरी दातांवर आपटतो. हे विड्रॉवल (दारू बंद केल्यावर होतो तो त्रास) आहे का लो शुगर? बायपासवाल्यांची शुगर पडते तेव्हा पण असंच होतं ना? घरच्याघरी किती दिवसात जाईल? उद्या ऑफिस आहे. डॉक्टरकडे जायची लाज वाटते कारण सर्जरीच्या फॉर्मवर "क्वचित" असं लिहून सही केलीय मी.

जास्त लांबलं, सॉरी.


साधा_माणूस
रविवार, ६:२४

ताई रागावू नका पण तीन पेगने कुणाला विड्रॉवल होत नसतं, आमच्या माहितीत रोज अख्खी बाटली संपवणारे आहेत, त्यांचे हात कापतात हे मी समजू शकतो. तुम्हाला बहुतेक टेन्शन आलंय. मनाचा निर्धार पक्का ठेवा, दोनतीन दिवस कळ काढा. अगदीच नाही राहवलं तर एक छोटा घ्या आणि रोज थोडी थोडी कमी करत जा, आपोआप सुटेल.


रात्रपाळी
रविवार, ६:३८

अर्धाकप ताई, मी नर्स आहे, ११ वर्ष वॉर्डात काढलीत, दारू सोडायला आलेले पेशंट भरपूर बघितलेत. सरळ मुद्द्यावर येते.

शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासात थरथर, घाम, धडधड, मळमळ सुरू होते, तुमचं तंतोतंत तेच चाललंय. फिट यायचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो, म्हणजे तुम्ही आत्ता बरोब्बर त्याच्या मधोमध बसलाय. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना डीटी होतं, म्हणजे माणूस बरळायला लागतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, बीपी चढतं, त्यात माणूस दगावू शकतो. सगळ्यांना होतं असं अजिबात नाही पण कुणाला होणार ते घरी बसून कळत नाही. "दोनतीन दिवस कळ काढा" हा सल्ला कृपा करून कुणी देऊ नका. आणि साधा_माणूस, एक घेतली की थरथर थांबते हे खरंय, म्हणूनच तर लोक परत तिथेच जाऊन बसतात.

आता प्रश्न विचारते, भराभर उत्तरं द्या:
पेग म्हणजे किती मिली? अंदाज नको, बाटली किती दिवसात संपते ते सांगा.
ग्लुकोमीटर आहे का घरात? असेल तर आत्ता बोट टोचा.
उलट्या किती दिवसांपासून? व्हिटॅमिन चालू आहेत का?
याआधी कधी फिट आलीय का?
डोळ्यांना नीट दिसतंय? उठून सरळ चालून बघा, पण भिंतीला धरून.


अर्धाकप
रविवार, ६:५१

शुगर ८८ आली, म्हणजे लो नाहीये.

बाटली ७५० ची, अडीच दिवस जाते. आत्ता हिशोब केला, रोजचे ३०० मिली होतात. मी ग्लासने घेते ना, त्यामुळे तीनच वाटायचे.

उलट्या दोन आठवडे चालू आहेत, रोज नाही पण बहुतेक दिवशी. जेवण फार जात नाहीये. व्हिटॅमिन चारपाच महिने घेतलेल्या नाहीत खरं सांगायचं तर. फिट कधीच नाही.

चालताना जरा झोकांड्या जातायत पण तो अशक्तपणा असेल. आणि मोबाईलवर ओळी दोन दोन दिसतायत, एक डोळा झाकला की नीट दिसतं, म्हणून एक डोळा झाकूनच लिहितेय.


रात्रपाळी
रविवार, ६:५३

मोबाईल ठेवा आणि नवऱ्याला उठवा. आत्ता. इमर्जन्सीला जायचं, उद्या नाही. गाडी तुम्ही चालवायची नाही. वाटेत फिट आली तर त्यांनी कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करायचा.

तिथे पोचल्यावर तीन वाक्यं न लाजता सांगायची: "गॅस्ट्रिक बायपास झालेली आहे. रोज ३०० मिली दारू होती, काल रात्री १० ला बंद केली. दोन आठवडे उलट्या आहेत आणि दोन दोन दिसतंय." थायमिनबद्दल विचारा, बी-१, शिरेतून. ग्लुकोजची सलाईन लावणार असतील तर थायमिन आधी. नाही लक्षात राहिलं तर हा मेसेजच दाखवा.


वजनदार
रविवार, ७:३०

ताई निघाल्या असतील अशी आशा. बाकी जे वाचतायत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो कारण या धाग्यावर पुढे अजून लोक येणारच, मी पण असाच शोधत शोधत आलो होतो.

माझी बायपास होऊन ६ वर्ष झाली, दारू सोडून ३ वर्ष २ महिने. तीन पेगने काय होतंय असं जे वर कुणीतरी म्हणालं ना, तिथेच सगळी गोम आहे. एक तर ग्लासने घेणाऱ्याचे तीन पेग कधीच तीन नसतात हे आपण आत्ताच बघितलं, लार्ज पेग ६० मिलीचा धरला तर ३०० मिली म्हणजे पाच झाले. आणि दुसरं म्हणजे पोट आता पहिल्यासारखं राहिलेलंच नाहीये. आधी दारू पोटात थांबायची, जठराच्या अस्तरातलं एन्झाइम त्यातली थोडी तिथेच मोडून काढायचं, मग हळूहळू आतड्यात सरकायची. बायपासनंतर छोट्या पाउचमधून (सर्जरीत पोटाची जी छोटी पिशवी करतात ती) सरळ लहान आतड्यात. म्हणजे चढते लवकर आणि चढते जास्त. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत बायकांवर अभ्यास केला होता, २०१५ ला छापून आला, बायपास झालेल्या बायकांनी दोन ड्रिंक घेतल्यावर रक्तात जेवढं अल्कोहोल चढलं ते सर्जरी न झालेल्या बाईने चार घेतल्यासारखं होतं. तेव्हा आता करा हिशोब पाच लार्जचा.

आणि हे पहिल्या वर्षात कळत नाही. पहिलं वर्ष आपण शहाण्यासारखे वागतो, वजन उतरत असतं, फॉलोअपला वेळेवर जातो. २०१२ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला होता, त्यात दारूचा त्रास असलेले लोक सर्जरीआधी ७.६ टक्के, पहिल्या वर्षी ७.३, आणि दुसऱ्या वर्षी एकदम ९.६. त्याच लोकांवर नंतर २०१७ ला आलं की ज्यांना आधी काहीच त्रास नव्हता अशा बायपासवाल्यांपैकी पाच वर्षांत साधारण २१ टक्क्यांमध्ये दारूच्या त्रासाची लक्षणं दिसली. पाचातला एक! हे वाचून मी तेव्हा बराच वेळ नुसता बसून होतो कारण मला वाटत होतं जगात असा दळभद्री मी एकटाच.

लोक म्हणतात खाणं गेलं म्हणून दारू आली, एक व्यसन गेलं की दुसरं येतं. असेलही काहींचं. मला ते अर्धवट वाटतं, माझं तरी खाण्यासारखं काही नव्हतंच ते, पहिल्या घोटाला डोक्यात जो दिवा लागायचा तो सर्जरीआधी कधी लागलाच नव्हता. म्हणून "आधी तर मला कंट्रोल होता" हे वाक्य आपल्याला लागू नाही. तो कंट्रोल ज्या पोटाचा होता ते पोट कापून बाजूला ठेवलंय.

शुगरचं पण सांगतो कारण ताईंचा मूळ प्रश्न तोच होता. बायपासनंतर वर्ष उलटलं की काहींची शुगर जेवणानंतर एक ते तीन तासात धाडकन पडते, थरथर, घाम, धडधड, सगळं विड्रॉवलसारखंच. माझी एकदा ४८ आली होती आणि मी समजत होतो तलफ आलीय. घरात मशीन ठेवा. अंदाजाने ओळखू येत नाही, मला इतक्या वर्षांनी पण येत नाही.


साधा_माणूस
रविवार, ८:०५

माझी प्रतिक्रिया मागे घेतो. बायपासचं हे सगळं माहीत नव्हतं. ताईंची खबर आली तर कुणीतरी इथे टाका.


शेजारची_खुर्ची
सोमवार, सकाळी ९:१५

मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा आहे. बायकोची सर्जरी चार वर्षांपूर्वी, दारू सुटून दीड वर्ष. अर्धाकप यांच्या मिस्टरांनी हे वाचलं तर बरं होईल म्हणून लिहितोय.

मला आमच्या एका नातेवाईकाने सांगितलं होतं की एक गोळी मिळते, डायसल्फिराम, ती जेवणात गुपचूप घालायची, मग प्यायलं की एवढा त्रास होतो की माणूस परत नाव काढत नाही. मी खरंच आणणार होतो. डॉक्टरांना आधी सहज विचारलं तर त्यांनी मला असं काही झापलं की बाहेर आल्यावर कान गरम होते. त्या गोळीवर दारू प्यायली तर उलट्या, तोंड लालबुंद, बीपी कोसळणं, हृदयाला धोका, आणि ज्याच्या पोटात ती आहे त्याला माहीतच नाही! ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनेच द्यायची असते. बायकोला शेवटी नाल्ट्रेक्सोन दिलं, लिव्हरचे रिपोर्ट बघून, तलफ कमी होते त्याने. फक्त ती चालू असताना मॉर्फिन, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं लागू पडत नाहीत, म्हणून उद्या दुसरं ऑपरेशन निघालं तर आधी सांगावं लागतं, आम्ही चिठ्ठी लिहून तिच्या पाकिटात ठेवलीय.

बाकी मी काय केलं तर सुरुवातीला बाटल्या शोधल्या. कपाटं, बॅगा, गाडीची डिकी. त्याने काहीच झालं नाही, उलट ती जास्त हुशार झाली लपवण्यात. नंतर एक केलं, तिची वेळ रात्री १० ते १२ ची असायची, तेवढे दोन तास मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचो. बोलायचं नाही, उपदेश नाही, ती शब्दकोडी सोडवायची आणि मी पेंगायचो.


रात्रपाळी
सोमवार, दुपारी २:४०

शेजारची_खुर्ची यांना +१. एक भर घालते कारण ही चूक हमखास होते. पहिल्या आठवड्यात डोकं ठणकतं, अंग दुखतं, आणि लोक घरात पडलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन मोकळे होतात. बायपासवाल्यांनी नाही घ्यायची, पाउच आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होतो, दारू आणि सिगारेटने तो धोका अजून वाढतो. पॅरासिटामॉल सुद्धा किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून, लिव्हरवर आधीच ताण असतो. आणि कुणाच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या तर नकोच नको.


अर्धाकप
शुक्रवार, संध्याकाळी ५:०५

आहे मी. पाचवा दिवस, उद्या सोडतील बहुतेक.

त्या दिवशी नवऱ्याला उठवलं तेव्हा काय सांगायचं तेच सुचेना, मी नुसता प्रोटीनचा डबा उघडून त्याच्यासमोर धरला. रिकामी बाटली होती आत, ती टाकायची राहिली होती. तो काहीच बोलला नाही, चावी घेतली आणि चप्पल घातली.

रात्रपाळी ताई, तुमचा मेसेज तिथल्या डॉक्टर मुलीला दाखवला, तिने वाचला आणि पहिला प्रश्न विचारला "शेवटचं व्हिटॅमिन कधी?" आधी थायमिनच लावलं शिरेतून, मग बाकीचं. पहिले दोन दिवस दर काही तासांनी सिस्टर यायची, हात पुढे करा, बोटं पसरा, घाम किती, कुणी दिसतंय का, आवाज येतायत का, प्रत्येकाला मार्क, आणि मार्कांप्रमाणे लोराझेपामचा (विड्रॉवल शांत करणारं औषध) डोस. शाळेत कधी एवढे मार्क पडले नव्हते. दुसऱ्या रात्री पंख्यावरून कुणीतरी माझं नाव घेतंय असं ऐकू यायचं, मी सिस्टरला सांगितलं पंख्यावर माणूस आहे. तिने शांतपणे वर बघितलं, "मला नाही दिसत," म्हणाली आणि लिहून घेतलं. फिट आली नाही. मॅग्नेशियम पण कमी निघालं.

दोन दोन दिसणं दुसऱ्या दिवशी कमी झालं, आता नाहीये. चालणं अजून नीट नाही, कॉरिडॉरमध्ये कठड्याला धरून दोन फेऱ्या मारते. डॉक्टर म्हणाले शरीरात बी-१ चा साठा जेमतेम दोनतीन आठवडे पुरेल एवढाच असतो, वरून बायपास, उलट्या आणि दारू, तीन बाजूंनी गळती. बी-१ कमी पडल्याची डोळे, चाल आणि भ्रम ही तिन्ही लक्षणं एकदम दिसतीलच असं नसतं म्हणाले, उशीर झाला असता तर विसरभोळेपणा कायमचा राहू शकला असता. हे पण म्हणाले की आता सोडून परत सुरू केली आणि परत सोडली तर पुढचं विड्रॉवल यापेक्षा वाईट असू शकतं, दर वेळी वाढत जातं.

साधा_माणूस, तुमच्यावर राग नाही. मी पण तीनच म्हणत होते.


वजनदार
शुक्रवार, ५:४८

वा! एवढं वाचून जीव भांड्यात पडला.

आता पुढचं सांगतो, थोडं कटू आहे. हॉस्पिटलमधले पाच दिवस सोपे असतात. खरं सुरू होतं तिसऱ्या चौथ्या आठवड्यात, सगळ्यांना वाटतं झालं आता बरी, आणि आपल्याला रात्री दोनला टक्क जाग. झोप महिनोनमहिने खराब राहू शकते, मला साडेचार महिने लागले. चिडचिड, मधेच उगाच रडू, कशातच मजा नाही. आणि गोड! दारू गेली आणि गोडाने घर केलं. बायपासवाल्याला ते पण सुखाने खाता येत नाही, डंपिंग होतं (गोड भसकन आतड्यात उतरून मळमळ, घाम, धडधड), मग शुगर पडते, मग थरथर, मग डोकं म्हणतं बघ तलफ आली. मी दर तीन तासांनी थोडं प्रोटीन, गजर लावून, भूक असो नसो. पाणी घोट घोट दिवसभर, कारण आपल्याला एकदम गटागटा पिता येत नाही आणि तहान लागली की जुनी सवय आठवते.

ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जा. १९३५ पासून चालू आहे, फुकट असते, नाव विचारत नाहीत. मी पहिल्या तीन मीटिंगला मागच्या रांगेत बसून फक्त चपला बघितल्या लोकांच्या. नाही पटलं तर समुपदेशक, नाहीतर दोन्ही. पण काहीतरी बाहेरचं हवं. घरातला माणूस किती वेळ खुर्चीत बसेल (शेजारची_खुर्ची, तुम्ही अपवाद आहात).

अवांतर: वजनाची भीती वाटेल की आता परत वाढणार का. तुमच्या ३०० मिलीत साधारण साडेसहाशे कॅलरी होत्या रोजच्या, तेव्हा ती चिंता सध्या बाजूला ठेवा.


अर्धाकप
सहा आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:२०

धागा वर काढतेय, माफी असावी.

५० दिवस. एकदा घसरता घसरता राहिले, विसाव्या दिवशी, कुणाच्या तरी निरोप समारंभात हातात ग्लास दिला आणि मी तो दहा मिनिटं धरून उभी होते, मग कुंडीत ओतला. झाडाचं काय झालं माहीत नाही. चालणं ठीक झालंय, जिन्यावर अजून कठडा लागतो. झोप भिकार. वजनदार म्हणाले तसं दोनला टक्क जाग. नवरा उठून बसतो माझ्याबरोबर, मग मलाच त्याची दया येते आणि मी झोपल्याचं नाटक करते, हे एवढं खोटं अजून चालू आहे. मीटिंगला पाचदा गेले, अजून बोलले नाहीये. व्हिटॅमिनचा गजर आणि प्रोटीनचा गजर यांत माझा गोंधळ होतो त्यामुळे दोन्हीला वेगळी धून लावलीय.

मंगळवारी सर्जनकडे वार्षिक फॉलोअप आहे. परत तोच फॉर्म. त्या रकान्यात यावेळी "क्वचित" लिहायचं नाही एवढं ठरलंय, सोडण्याआधी किती घेत होते ते लिहायचं. पण पेगमध्ये लिहू का मिलीमध्ये?


वजनदार
रविवार, रात्री ११:३१

मिली.